वरच्या काकांचा कूलर

मे महिन्यात सारं नागपूर कूलरपुढे पडून असतं, तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावरचे काका आपला कूलर बंद करतात. सकाळी घरीच गाणं रेकॉर्ड करताना त्याची घरघर नको, दुपारी चित्र काढताना ओल्या हवेनं कागद फुगायला नको. एकटा, म्हातारा माणूस. कूलर थांबला की माझा जीव टांगणीला लागतो.

एकदा घाबरून दार वाजवलं. घामानं निथळत, ओठांवर बोट ठेवून ते कुजबुजले, "काहून घाबरून राहिली वं? कूलर बंद आहे म्हणजे मी कामात आहो, असं समजाचं."

कालपासून त्यांचा कूलर सारखा चालू आहे. टाकीतलं पाणी संपून आता नुसता कोरडा खडखडतोय. मी त्यांच्या दारापुढे उभी आहे, कडी वाजवायला हात उठत नाही.