माहेरांची सहल

"समजा, फेरीबोट मध्येच बंद पडली?" काका म्हणायचे आणि चष्मा कपाळावर सरकवायचे. चष्मा वर गेला की अजून दोन-तीन 'समजा' येणार हे आम्ही ओळखायचो. तुमच्याही सोसायटीत असा एखादा घाबरट माणूस असेल. पण सगळ्यांची सहल तोच ठरवतो, असं क्वचितच असेल.

मानपाड्याजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये काका-काकू तिसऱ्या मजल्यावर राहायचे. जन्मभर केमिकलच्या कारखान्यात नोकरी केलेली, त्यामुळे असेल, पण कुठेही गेले की काका आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवायचे. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा दाराजवळचीच खुर्ची धरायचे.

त्यांची कोकण सहल मात्र झकास असायची आणि खिशाला परवडणारी. हॉटेल नाहीच. बिल्डिंगमधल्या बायकांची माहेरं कुठे कुठे आहेत ते विचारायचं आणि गाडीचा रस्ता तसा वळवायचा. एक मुक्काम दापोलीला तळमजल्यावरच्या वहिनींच्या माहेरी, पुढचा गुहागरला आणखी कुणाच्या. तांदूळ-डाळ आपलीच न्यायची, ओटीवर सतरंज्या टाकून झोपायचं. "समजा, त्यांच्याकडे त्याच दिवशी दुसरे पाहुणे आले?" म्हणून स्टोव्हसुद्धा बरोबर घ्यायचा.

त्या वर्षी शेवटचा मुक्काम काकूंच्या माहेरी, वेळणेश्वरला होता. काकूंना विसरायला व्हायला लागलं होतं. आधी नुसतं दूध उतू जायचं. मग एकदा भाजी आणायला म्हणून गेल्या त्या पार स्टेशनपाशी सापडल्या.

"घर ओळखतेय तोवर तिला दाखवून आणतो," काका मला म्हणाले आणि चष्मा वर गेला. "समजा, वाटेत कुठे हरवली?"

एरवी मी थट्टा केली असती. त्या दिवशी मलाही भीती वाटली.

गाडी सुटताना मजल्यांप्रमाणे हजेरी घ्यायची, ही काकांचीच पद्धत. मजला पुकारला की तिथल्या कुणीतरी "आहोत" म्हणायचं. दाभोळच्या धक्क्यावर बायका पाय मोकळे करायला उतरल्या. काकू दिसेनात म्हणून काका शोधायला गेले, आणि काकू दुसऱ्याच बाजूनं येऊन आपल्या जागेवर बसल्या. बोट सुटायची घाई होती, तेव्हा हजेरी ड्रायव्हरनंच घेतली.

"चला चला, पटापट बोला. तिसरा मजला?"

"आहोत," काकू म्हणाल्या.

गाडी बोटीवर चढली, बोट सुटली. मी कठड्याशी उभा होतो तेव्हा मागून हाका ऐकू आल्या. काका गुडघाभर पाण्यात उभे राहून काकूंना नावानं हाका मारत होते. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं. ते आमच्याकडे बघतच नव्हते. खाली पाण्यात बघत होते आणि आणखी आत चालले होते.

काकूंना कठड्याशी आणलं, त्यांचा हात उंच धरून मी ओरडत सुटलो. तोवर इंजिनाचा आवाज वाढला होता, त्यात काय ऐकू जाणार!

"कोण हो ते?" काकूंनी मला विचारलं. "असे पाण्यात काय उतरलेत?"

शेवटी धक्क्यावरच्या दोघांनी काकांना ओढून वर घेतलं आणि बोटीकडे हात करून दाखवलं. तेव्हा कुठे मी काकूंचा हात खाली घेतला.

पुढच्या बोटीनं काका आले, ओल्या पँटनिशी काकूंशेजारी बसले. रागावले नाहीत. गाडी घाट चढायला लागल्यावर मागे वळून मला हळूच म्हणाले, "समजा, मीच आधी गेलो?"



वेळणेश्वरला काकूंनी घर ओळखलं, मागची विहीरही ओळखली. काका दिवसभर विहीर आणि काकू यांच्या मध्ये उभे होते.

त्यानंतरच्या दिवाळीआधीच काका गेले. छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. काकूंना मुलानं घोडबंदर रोडला आपल्या घरी नेलं. परवा मी भेटायला गेलो तेव्हा मुलगा ऑफिसात होता आणि सांभाळणाऱ्या मावशी औषध आणायला खाली जात होत्या. "बसा, आलेच," म्हणाल्या.

काकूंनी मला ओळखलं नाही, पण पाणी आणून दिलं. मग चपला घातल्या आणि दार उघडून निघाल्या. खाली तो रस्ता, त्या धावणाऱ्या गाड्या. मी पळत जाऊन त्यांचं मनगट पकडलं, जरा जोरातच.

"अहो, एवढे घाबरता काय?" काकू हसून म्हणाल्या. "मी काय एकटी चाललेय? हे आहेत ना बरोबर."

मावशी वर येईपर्यंत मी ते मनगट सोडलं नाही.