नटावरची रेघ

माझा भाऊ सायकली दुरुस्त करतो. गल्लीत त्याला रेघवाला म्हणतात आणि हे नाव त्याने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं आहे. महत्त्वाचा कुठलाही नट पान्याने आवळला की तो बारीक ब्रशने त्या नटावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढतो. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लगेच कळतं. सगळ्या रेघा झाल्या की रंगाच्या बाटलीचं झाकण लावायचं, मगच तोंड उघडायचं. मधे कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाईक ताटकळतं, घड्याळ बघतं, आणि हा ढिम्म.

लोकांना ही लकब वाटते. ती भीती आहे. कुठून आली, हे त्याच्याखेरीज फक्त मला ठाऊक होतं. निदान माझी तशी समजूत होती.

बाविसाव्या वर्षी दादा शर्यतीत उतरायचा. दिवसभर दुसऱ्याच्या दुकानात वाकड्या चाकांचे आउट काढायचे आणि पहाटे टेकडी चढून यायची, असा त्याचा क्रम होता. चढावर बरोबरीचे होते, उतारावर मात्र त्याला कोणी गाठत नसे. त्या वर्षीच्या मोठ्या शर्यतीत टेकडीवरून उतरताना तो सगळ्यांच्या पुढे होता. एका खड्ड्यावर सायकल उडाली आणि पुढचं चाक फोर्कमधून निसटलं. खांदा मोडला, गुडघा कायमचा अधू झाला. कुत्रं आडवं आलं, असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

कुत्रं नव्हतं. त्या सकाळी चाक बसवताना त्याने डावा नट पान्याने आवळला, उजवा नुसता बोटांनी फिरवून ठेवला, आणि तेवढ्यात मी हाक मारली, की पाठीवर नंबर लावायचाय, लवकर ये. तो आला आणि पान्याचं राहून गेलं. मिस्त्रीच नट विसरला हे त्याला कोणाला सांगवेना आणि हाक माझी होती हे मला. बत्तीस वर्षं आम्ही दोघं बहीणभाऊ त्या न आलेल्या कुत्र्याच्या आड लपून आहोत.

नंतर त्याने स्वतःचं दुकान टाकलं. दुरुस्त झालेली सायकल गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणायची, एवढंच त्याचं सायकल चालवणं उरलं. वहिनी गेल्यापासून मी त्याच्याकडेच असते. घर मागे, दुकान पुढे, मधे एक दार.

त्याच्या लेकीला शर्यतीत नेमका तोच उतार हवा होता. त्याने नको म्हणून बघितलं, अबोला धरून बघितला. माझी भाची बापावर गेली आहे, तिने दोन्हीला जुमानलं नाही. शेवटी त्याने आपली जुनी शर्यतीची सायकल माळ्यावरून काढली आणि तिच्या मापाची करून दिली. तिची अट एकच होती. बाबा, शर्यतीला येऊ नका. तुमचा चेहरा दिसला की माझे हात आपोआप ब्रेकवर जातात. त्याला ते लागलं, पण त्याने कबूल केलं.

शर्यतीच्या दिवशी तो उजाडायच्या आधीपासून त्या सायकलशी झटत होता. आवळलेलं पुन्हा सोडायचं, रेघ पुसायची, पुन्हा आवळायचं. चौथ्यांदा पुढचं चाक निघालेलं बघितलं आणि माझं डोकं फिरलं. पोटात अन्नाचा कण नाही, पोरीची निघायची वेळ झालेली, आणि ह्याचं संपेना. मी दारातून ओरडले, "दादा, आधी चहा घे बघू." एरवी त्याने ढुंकूनही बघितलं नसतं. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, तो मुकाट्याने उठून आत आला. इतक्यांदा आवळून सोडून झाल्यावर सगळं झालं, असंच त्याला वाटलं असणार. बशी खाली ठेवायच्या आत बाहेरून भाचीचा आवाज आला, "येते गं आत्या," आणि ती गेलीसुद्धा.

त्यानंतर तो तासभर खुर्चीत बसून होता. एकच वर्तमानपत्र त्याने तीनदा उलटंसुलटं केलं. शर्यत सुटायची वेळ झाली तसं, हाताला काम हवं म्हणून तो दुकानात गेला. मग काही आवाज येईना, म्हणून मी डोकावले. तो रंगाच्या बाटलीकडे बघत उभा होता. झाकण उघडं होतं.

झाकण उघडं म्हणजे काम अर्धं. डाव्या नटाची रेघ झाली असणार, आणि उजवा राहिला असणार. बत्तीस वर्षांत दोनदा चाक अर्धं राहिलं होतं आणि दोन्ही वेळा हाक मारणारी मीच. मी तिला फोन लावला, तर तो आमच्याच टेबलावर वाजला. शर्यतवाल्यांचा नंबर कोणी उचलेना.

तिला गाठायला एकच जागा होती, टेकडीचा माथा. स्पर्धक लांबून वळसा घालून तिथे चढणार आणि आमच्या बाजूने उतरणार. रस्ता गाड्यांना बंद होता. दादाने पाना खिशात घातला आणि दुरुस्तीला आलेल्या सायकलींतली पहिली हाताला लागली ती काढली. मी आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांची काढली. पन्नाशीच्या बाईने साडी खोचून टेकडी चढावी असं काही त्या सायकलच्या नशिबात नव्हतं, पण निघाले.

तो माझ्यापुढे होता. पहिल्या वळणावर त्याचा अधू गुडघा बाहेर फेकला जात होता. दुसऱ्या वळणावर तो सीटवरून उठला आणि उभ्याने पेडल मारू लागला, बाविसाव्या वर्षी मारायचा तसा. मला रडू येत होतं आणि रडायला दम उरला नव्हता. सारखा तो खड्डा डोळ्यांसमोर येत होता. शेवटच्या चढावर उतरून, सायकल ढकलत मी माथ्यावर पोचले तेव्हा पलीकडच्या बाजूने शिट्ट्या ऐकू येत होत्या.

पहिला मुलगा आला आणि त्याच्या मागच्या चाकाला चिकटून आमची पोरगी. दादा रस्त्याच्या मधोमध पाना उंच धरून उभा राहिला. मुलगा शिव्या घालत बाजूने गेला. तिने बापाला बघितलं आणि ब्रेक दाबले.

तो तिच्या पुढच्या चाकाशी बसला. उजव्या नटाला पाना लावला, जोर दिला. नट हलला नाही. पाना काढला तेव्हा रेघ दिसली, अखंड. पण ती पांढरी नव्हती, लाल होती. नेलपॉलिशची.

"तुम्ही चहाला गेलात तेव्हा आवळला मी," ती धापा टाकत म्हणाली. "सांगितलं असतं तर तुम्ही मला जाऊच दिलं नसतं."

दोघे-तिघे शेजारून सुसाट गेले. दादाने विचारलं, "मग थांबलीस कशाला?"

"मी तशीच गेले असते, तर खाली पोचल्याचं कळेपर्यंत तुम्ही इथे जीव मुठीत धरून उभे राहिला असतात. झालं बघून? ढकला आता."

त्याने सीट धरून तिला ढकललं. ती दिसेनाशी झाली तरी त्याचा हात तसाच पुढे होता. ती नववी आली.

संध्याकाळी दुकानात त्याने तिला विचारलं, हे कधीपासून करतेस. शाळेत नववीत असल्यापासून, ती म्हणाली. तुमच्या हातची प्रत्येक सायकल मी नंतर बघते, आणि आजवर एकही नट सैल सापडला नव्हता. त्याने हात पुसले. मग म्हणाला, "तेव्हा कुत्रं नव्हतं गं."

"माहीत आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं.

"कोणी कशाला सांगायला हवं, बाबा?" ती म्हणाली. "कुत्र्यामुळे पडलेला माणूस जन्मभर नटांवर रेघा ओढत बसेल का?"

मग मीही सांगून टाकलं, की हाक माझी होती, तेव्हाही आणि आजही. दादा म्हणाला, "हाक तुझी होती. पाना माझ्या हातात होता." एवढंच बोलून त्याने बाटलीचं झाकण घट्ट केलं.

आता तो नट आवळतो, पांढरी रेघ ओढतो, आणि सायकल गिऱ्हाइकाला देण्याआधी लेकीला हाक मारतो. ती येऊन तपासते आणि शेजारी लाल रेघ ओढते. पुढच्या वर्षीही तिला तोच उतार उतरायचा आहे. त्या सकाळी मी चहा करून ठेवणार आहे, पण हाक मारणार नाही. गार झाला तर झाला.