विहिरीपर्यंतचा ब्रेक

मूर्तिजापूरहून अकोल्याच्या कोर्टात मी रोज ज्या सर्व्हिस मोटारीने जात असे, तिच्या ड्रायव्हरचं नाव मला कधीच कळलं नाही. ब्रेकचे पट्टे किती झिजले हे तो चाक उघडून पाहत नसे. नवे पट्टे असले की गाडी थांब्यावरच्या कडुनिंबाखाली उभी राही. पुढे झिजेल तशी रोज थोडी लांब जाई. संत्री विकणारी एक बाई त्या बेताने टोपली सरकवी आणि आम्ही टोपलीशेजारी उभे राहत असू. टोपली रस्त्याच्या पुढच्या विहिरीपाशी पोचली की तो पट्टे बदली.

एकदा अमरावतीचे एक नवे रावसाहेब याच गाडीने मुक्कामाला येणार म्हणून स्वागत समितीने कडुनिंबाखाली कमान उभारली.

विहिरीपाशी बसलेली बाई म्हणाली, "भाऊ, कमान इकडे आना. गाडी तेथी थांबत नाही."

"थांब्याचा बोर्ड इथं आहे," अध्यक्ष म्हणाले.

"बोर्ड थांबते ना जी. गाडी नाही थांबत."

गाडी कमानीखालून निघून गेली. हार घेऊन समिती मागे धावली. रावसाहेब खिडकीतून नमस्कार करत विहिरीपाशी पोचले.

ड्रायव्हर उतरला, त्याने फक्त टोपलीकडे पाहिलं.

"मावशी, विहीर आली. उद्या झाडाखाली बसजा."

दुसऱ्या दिवशी रावसाहेब त्याच गाडीने अकोल्याला निघायचे होते. शहाणी झालेली समिती कमान उचलून विहिरीपाशी घेऊन गेली आणि हार घेऊन उभी राहिली.

आम्ही कडुनिंबाखाली, टोपलीशेजारी उभे होतो.