सरांची लाल फुली आणि मॅथ डॉट एच

सांगलीच्या आमच्या पॉलिटेक्निकात वर्गाची एक रीत होती. सी भाषेतला कुठलाही प्रोग्राम असो, वर आठवतील तेवढ्या हेडर फाइल लिहून टाकायच्या. लागो न लागो. जास्त लिहिल्या की प्रोग्राम रुसत नाही, असा सगळ्यांचा ठाम समज.

एकदा वर्गमूळ काढायचं होतं. मॅथ डॉट एच ही गणिताची हेडर लिहूनही प्रत्येकाच्या स्क्रीनवर एकच तक्रार: वर्गमुळाचं फंक्शन सापडत नाही. सर म्हणाले, हेडर नीट लिहा, फंक्शन त्यातच असतं. सगळा वर्ग तीच ओळ पुसून पुन्हा लिहीत बसला. माझं डोकंच फिरलं.

अब्बांच्या हळदीच्या दुकानात ताटलीत नमुना असतो आणि पोती वखारीत. नमुना बघून सौदा ठरतो, पण ट्रक भरायला वखारच उघडावी लागते. हेडर म्हणजे ती ताटली. फंक्शनचं नाव काय, त्याला काय द्यायचं, ते काय परत देणार, एवढंच त्यात असतं. खरं काम करणारा कोड लायब्ररीत, ती वखार. मी प्रोग्राम तयार करायच्या कमांडच्या शेवटी ती लायब्ररी जोडायला सांगितलं आणि उत्तर आलं.

जर्नलमध्ये 'फंक्शनचा कोड कुठं असतो?' या प्रश्नाला मी तसंच लिहिलं: हेडरमध्ये नाही, लायब्ररीत. सरांनी त्यावर लाल फुली मारली आणि उत्तर बदलल्याशिवाय सही देणार नाही म्हणाले. सही नसली की परीक्षा नाही, आणि वर्ष गेलं तर कॉलेज बंद, असं चाचांनी घरात आधीच बजावलेलं. मैत्रीण म्हणाली, "लिही की गं, तुझं काय जातंय?"

माझं पुष्कळ जात होतं. खोटं लिहायचं, तेही स्वतःच्या अक्षरात.

मी सरांच्याच कॉम्प्युटरवर दुसरी हेडर फाइल उघडली आणि स्क्रीनवर मजकूर छापणारं प्रिंटएफ फंक्शन शोधून काढलं. एकच ओळ, शेवटी अर्धविराम. "सर, ह्यात छापायचं काम कुठं हाय ते दाखवा. दाखवलंत तर उत्तर बदलते."

सर बराच वेळ फाइल वर-खाली करत राहिले. मग म्हणाले, "परीक्षकांना पुस्तकातलंच लागतं."

"मग त्यांनाबी हेच दाखवीन."

त्यांनी चिडून सही केली. फुली मात्र तशीच ठेवली.

परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं आणि विचारलं, प्रिंटएफचा कोड असतो कुठं? सर त्यांच्या शेजारीच उभे होते. मी जर्नल हातात घेतलं आणि फुलीखालचं उत्तर सरांकडे बघत मोठ्यानं वाचून दाखवलं.