मिरचीच्या पोत्यांचा बंधारा

आमच्या घरी माझ्याबद्दल एक वाक्य ठरलेलं होतं. पाहुणे आले, चहा झाला, कुणी विचारलं की धाकटा काय करतो, की माझे वडील, म्हणजे आबा, बशी खाली ठेवून म्हणायचे, "कॉलेज करस. टोपलं उचलस नही."

एवढंच. पुढे स्पष्टीकरण नाही, तक्रार नाही. पाहुणे हसायचे, आई आत निघून जायची आणि मी मोबाईलमध्ये डोकं घालायचो. राग येण्याचं मुख्य कारण असं की वाक्य खरं होतं. मिरचीची तोडणी सुरू झाली की मला हटकून अभ्यास आठवायचा. कापूस वेचायला मजूर कमी पडले की माझी पाठ धरायची. आमचं गाव नंदुरबारपासून फार लांब नाही, धानोऱ्याच्या बाजूला, त्यामुळे बसने रोज कॉलेजला जाता येतं आणि संध्याकाळी मुद्दाम उशिरा परतताही येतं. या सोयीचा मी पुरेपूर फायदा घेतला.

तर दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजात हिवाळी शिबिराची सूचना लागली. सात दिवस, तोरणमाळच्या वाटेवरचा एक पाडा, श्रमदानातून बंधारा. पहिलं नाव मी दिलं. समाजसेवेची आवड वगैरे काही नव्हती. आबांच्या त्या वाक्याचा एकदा कायमचा निकाल लावायचा होता, बस.

जेवताना मी बातमी दिली. आबांचा हात ताटातच थांबला.

"काय बांधशात?"

"बंधारा."

"कोन?"

"आम्ही."

"आम्ही म्हंजे कोन कोन?" त्यांनी आईकडे बघत विचारलं, आणि आईसुद्धा हसली. तिच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती.

सरांनी प्रत्येकाला रिकामी पोती आणायला सांगितली होती. आबांनी खळ्यातून मिरचीची चाळीस जुनी बारदानं काढून दिली. प्रत्येकावर आमची खूण, लाल रंगाचा गोल आणि मधून एक आडवी रेघ. सोबत दाभण आणि सुतळीचा गुंडाही दिला. मग मला समोर बसवून पोत्याचं तोंड कसं शिवायचं ते दाखवलं. दर चौथ्या टाक्याला गाठ, म्हणजे एक टाका सुटला तरी पुढचे सुटत नाहीत. आमच्या भागात आबांच्या शिलाईचं पोतं हमाल लांबून ओळखतात. मी "हो, हो" म्हणत होतो आणि शिबिराच्या ग्रुपवर कोण कोण येतंय ते बघत होतो.

शहादा मागे पडलं की रस्ता डोंगरात शिरतो आणि आमच्यासारख्या सपाटीवरच्या पोरांना पोटात ढवळायला लागतं. चौघांना उलट्या झाल्या. मला झाली नाही, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगितलं होतं. पाड्यावर पोचलो तर गाव कुठे दिसेना. आमच्याकडे गाव म्हणजे घराला घर लागून. इथे या टेकडीवर एक घर, त्या टेकडीवर दुसरं, आणि मध्ये उतार, शेत, मोहाची झाडं. "गावात एक चक्कर मारून येतो," असं म्हणून गेलेले दोघे थेट जेवणाच्या वेळेला परतले. त्यांनी फक्त तीन घरं बघितली होती.

आमच्या वर्गातली एक मुलगी याच पाड्याची. घरी पावरी बोलणारी, मराठी आश्रमशाळेत शिकलेली, त्यामुळे वर्गात सगळ्यात शुद्ध मराठी तिचं. आमचं अहिराणीतून ओढत आणलेलं, रस्त्यात धूळ लागलेलं. शिबिरात दुभाषी तीच होती. दुसऱ्या दिवशी नाल्यावर तिचा मोठा काका आला. डोक्याला फेटा, हातात काठी, चेहऱ्यावर काही नाही. सरांनी विचारलं, बंधारा कुठे बांधावा?

काका बराच वेळ काठीने वाळू टोकरत बोलला, मग खालच्या बाजूला, वळणापलीकडे हात केला. तिने सांगितलं, "ते म्हणतात, खाली खडक आहे, तिथे बांधला तर बरं."

मी पुढे झालो. आमच्या शेतात दोन विहिरी आहेत, मला पाण्याचं कळतं, असं म्हणून मी तिथे जे भाषण दिलं ते आता आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात. माझं म्हणणं असं, की बंधारा इथेच हवा, रस्त्याच्या फरशीपुलाजवळ. इथे पात्र रुंद, पाणी साठेल जास्त, आणि उद्घाटनाला पाहुण्यांची गाडी थेट येईल. माझे पहिले दोन मुद्दे सरांनी ऐकलेच नाहीत, तिसरा मात्र लगेच पटला.

काका माझ्याकडे बघत चार शब्द बोलला. मी तिला विचारलं, "काय म्हणतात?"

"म्हणतात, उत्साही मुलगा आहे."

मी काकाला हात जोडले.

काम सुरू झालं आणि मिरचीने आपला गुण दाखवला. बारदान झटकलं की पाच जण शिंकत. वाळू भरताना हात चुरचुरत, त्याच हाताने डोळा पुसला की माणूस पंधरा मिनिटं कामातून जात असे. पोतं शिवायची जबाबदारी माझी. दर चौथ्या टाक्याला गाठ मारायची की पाचव्या, हे मला आठवेना, म्हणून मी गाठच मारली नाही. टोपली उचलायला बाकीचे होते. मी "इकडं", "तिकडं", "थोडं तिरपं" म्हणत होतो. कुणीतरी म्हणायला पाहिजेच ना!

दुपारी मात्र एक गंमत व्हायची. आमचा शिधा आमच्याजवळ होता, तरी रोज कुठल्या ना कुठल्या टेकडीवरून भाकरी आणि उडदाच्या डाळीचं भांडं खाली यायचं. तिने कारण सांगितलं. त्यांच्याकडे कुणाचं घर उभारायचं असो की शेतीचं मोठं काम, घरटी एक माणूस येतो, मजुरी घेत नाही. त्याला लाह म्हणतात. ज्याची लाह, त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. तुम्ही गावासाठी काम करताय, मग गाव तुम्हाला उपाशी कसं ठेवील? मला हे फार आवडलं. मी तीन भाकरी खायचो.

सहाव्या दिवशी बंधारा उभा राहिला आणि मागे गुडघाभर पाणी साठलं! त्याचं गुपित एवढंच, की पोत्यांसाठी वाळू आम्ही भिंतीच्या मागूनच उपसली होती. तिथे खड्डा पडला होता आणि खड्ड्यात पाणी होतं. पाहुणे आले, नारळ फुटला, मी पाण्यात उतरून दोन्ही हात वर केले आणि फोटो निघाला. स्थानिक पेपरात तो छापून आला. सगळ्यांच्या डोळ्यांत मिरचीचं पाणी, आणि खाली ओळ होती, "श्रमदानानंतर शिबिरार्थींना आनंदाश्रू अनावर."

घरी परतलो तर ते कात्रण आबांच्या मोबाईलच्या कव्हरमध्ये, पारदर्शक बाजूला. बाजारात, बँकेत, खताच्या दुकानात आबा फोन काढायचे, तो उलटा धरायचे आणि कुणी विचारायची वाट बघायचे. "मन्हा आंडोर शे. बंधारा बांधा त्यानी." माझा मुलगा, बंधारा बांधणारा! टोपल्याचं वाक्य बंद झालं. मी जिंकलो होतो.

आठवडाभराने कॉलेजात तिने मला गाठलं. "तुझा बंधारा कोरडा आहे. तिथे वाळू खोल आहे, पाणी खालून निघून जातं आणि वळणापलीकडे खडकावर वर येतं."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"काकांनी सांगितलं होतं. तू भाषण करत होतास."

बंधाऱ्याचं जे व्हायचं ते होवो, पण घरात आबा रोज तो फोन उलटा धरत होते. आणि त्याच संध्याकाळी ते म्हणाले, "चाल रे, एकदाव दखी येऊत तुन्हा बंधारा."

मग मी जे बहाणे केले त्यांची यादी नको. परीक्षा, ताप, रस्त्याचं काम, पुन्हा परीक्षा. एकदा तर बिबट्याही सोडला मी त्या रस्त्यावर. फेब्रुवारीत आबांनी सरळ मोटरसायकल काढली आणि मागे बस म्हणाले. मी गुपचूप तिला फोन केला, वडिलांना घेऊन येतोय, काय करू?

"या," ती म्हणाली. "चहा घेऊन जा."

फरशीपुलावर आबांनी गाडी लावली. मी खाली बघितलं. पाणी नव्हतं हे सोडा, बंधाराच नव्हता. एक पोतं नाही. नुसती वाळू आणि त्यात शेळ्यांची पावलं. आबांनी खिशातून फोन काढला, कात्रणातला पूल बघितला, समोरचा पूल बघितला.

"कोठे शे रे?"

तेवढ्यात काका आणि ती उतारावरून येताना दिसले. काकाने आबांना रामराम केला आणि वळणाकडे हात दाखवला. आम्ही मागून चाललो. वळण ओलांडलं तर समोर खडकाला धरून पोत्यांची सरळ भिंत, आणि मागे कमरेएवढं निळं पाणी. बायका कपडे धूत होत्या, वरच्या बाजूला हरभऱ्याला पाइप लावला होता. भिंतीत आमची बारदानं दिसत होती, लाल गोल आणि मधून आडवी रेघ.

काका आबांना काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, "म्हणतात, तुमच्या मुलाचा बंधारा."

आबा भिंतीजवळ उकिडवे बसले आणि एका पोत्याच्या तोंडावरून बोट फिरवू लागले. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. पोती सुतळीने नाही, पळसाच्या मुळाच्या दोरीने शिवलेली होती, आणि गाठ वेगळीच होती, आबांनी कधी न मारलेली. एक टाका ढिला नव्हता.

मी खरं तर गप्प बसू शकलो असतो. पण त्या बोटाकडे बघवेना. "आबा, हा मी नाही बांधला. आमचा वर होता. चार दिवसांत कोरडा पडला. यांनी सगळी पोती उचलून इथे आणली. मी शिबिरात टोपलंसुद्धा उचललं नाही."

शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं, पण निघून गेलं. लाज वाटली आणि त्याच वेळी हलकंही वाटलं.

"माले दखाताच समजनं," आबा म्हणाले. "हाई गाठ तुन्ही नही. मन्ही बी नही. मन्हापेक्षा चांगली शे."

ती म्हणाली, "त्याचाच आहे, आबा. काकांनी लाह बोलावली तेव्हा याच्या नावाने बोलावली. म्हणाले, पोरांचं काम अर्धं राहिलंय, पूर्ण करून द्यायचं."

"मन्हा पोऱ्यानी लाह व्हयनी?" आबांना लाह म्हणजे काय ते मीच शिबिरानंतर फुशारकीने सांगितलं होतं. त्यांनी मान वर केली. "मंग जेवाडं कोनी?"

तिने काकाला विचारलं. काका पहिल्यांदाच हसला.

"ते राहिलंय," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. आबांनी शेजाऱ्याच्या टेम्पोत तांदूळ, डाळ, वांगी आणि भाजायला कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या मोळ्या घातल्या. आमच्याकडे शेतातलं भरीत पुरुषच करतात आणि आबांचं भरीत त्यांच्या शिलाईइतकंच नावाजलेलं. टेम्पो फरशीपुलापर्यंतच जातो. तिथून पाडा वर, चढ असा की रिकाम्या हाताने दम लागावा. आबांनी वांग्यांचं टोपलं उचललं, माझ्या डोक्यावर ठेवलं आणि स्वतः पुढे चालायला लागले, हात मागे बांधून.

मी अकरा फेऱ्या केल्या. दुसऱ्या फेरीत वांगी सांडली आणि ती उतारावरून घरंगळत नाल्यापर्यंत गेली. पाचव्यात मान वाकडी झाली. सगळ्या टेकड्यांवरून माणसं आपापल्या अंगणात उभी राहून बघत होती. या घरांवरून एकमेकांचं सगळं दिसतं, हे मला शिबिरात कळलं नव्हतं. म्हणजे सात दिवस मी हात कमरेवर ठेवून "इकडं, तिकडं" करत होतो, तेही सगळ्यांनी बघितलं होतं.

शेवटचं टोपलं उतरवून मी चुलीशेजारी बसलो. आबा राखेतून वांगी काढत होते आणि काका त्यांच्या शेजारी बसून ती सोलत होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी चाललं होतं. काका माझ्याकडे बघून काहीतरी बोलला.

मी तिला म्हटलं, "या वेळी खरं सांग. आणि तेव्हा नाल्यावर काय म्हणाले होते तेही."

"तेव्हा म्हणाले होते, याच्या घरी कामाला दुसरं कुणीतरी दिसतंय."

आबा राखेवर वाकून हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि या वेळी मिरची कुठेच नव्हती.

"आणि आता?"

"आता म्हणतात, बाप चांगला आहे. मुलगा शिकेल."

आबांनी वांगं काकाच्या हातात दिलं, उपरण्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघताच तिला म्हणाले, "त्यास्ले सांग बेटा, अकरा टोपला उचलात त्यानी. मी मोजी ऱ्हायंतू."