जव्हारच्या डोंगरात रिकामी घरं शोधताना

दिवाळीची सुट्टी लागली आणि मी जव्हारला निघालो. तिथल्या दरबारने संस्थानातली घरं मोजून घेतली होती आणि त्यात रिकामी घरं भलतीच जास्त निघाली होती. ज्या पाड्यात निम्म्याहून अधिक घरं वसलेली, तिथेच विहीर खणायची असं दरबारचं ठरलेलं. तेव्हा आकडा पडताळायला गणिताचा मास्तर हवा होता, म्हणून मला बोलावणं आलं. "रिकामी घरं बघायला कुणी सुट्टीत जातं का?" असं घरात विचारलं गेलं. मी मुकाट्याने पडशी भरली.

नाशिकहून बैलगाडीने त्र्यंबक, तिथून घाट उतरून मोखाडा. तिकडे जाणाऱ्यांनी भाडं परतीचं धरूनच ठरवावं, नाहीतर जव्हारला पोचल्यावर गाडीवान सांगेल ती किंमत. घाटात गाडीपेक्षा पायीच बरं. हाडं शाबूत राहतात आणि दरीही दिसते. मोखाड्याला एका ओटीवर मुक्काम केला. नागलीची गरम भाकरी आणि उडदाचं घट्ट वरण इतकं रुचलं की मी लाज सोडून तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

जव्हारला हवा थंड आणि माणसं निवांत. संध्याकाळी शिरपामाळावर गेलो. शिवाजी महाराज इथे थांबले होते म्हणतात, आणि उभं राहिल्यावर ते सहज पटतं. सूर्य डोंगरांमागे उतरेपर्यंत मी तिथून हललो नाही. अशी जागा पाहून मला फार बरं वाटलं, ते तसंच लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. सगळी घरं फिरणं एका सुट्टीत शक्य नव्हतं. धान्याचा व्यापारी पोत्यात परखी खुपसून मूठभर दाणे पाहतो, तसंच करायचं ठरवलं. पाड्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून पागोट्यात टाकली आणि काही उचलली. त्या पाड्यांत दर पाचवं घर बघायचं. सुरुवात कुठून, तेही चिठ्ठीने. माझ्या आवडीनिवडीला त्यात जागाच नको. ज्या घरात चूल पेटते ते वसलेलं, एवढी व्याख्या दरबारनेच दिली होती.

वावर गावाच्या वाटेवरच्या एका पाड्यात मी आणि दरबारचा शिपाई धर्मा पोचलो, तर चिटपाखरू नाही. कुडाची दारं वेलीने बांधलेली, चुली थंड, भांडी गायब. पाचवं रिकामं, दहावं रिकामं. धर्मा म्हणाला, "लिवा ओसाड, चला." मी कुडाच्या फटीतून हात घालून जमिनीला बोट लावलं. शेणाचं सारवण ओलं होतं. पुढच्या घरातही तसंच. रान गाठायच्या घाईतही या बायकांनी घर सारवल्याशिवाय सोडलं नव्हतं. मला हसू आवरेना. आम्ही ओट्यावर बसून राहिलो.

बऱ्याच वेळाने झाडीतून एक बाई आली. लाडकी तिचं नाव. इथे लहानथोर सगळ्यांनाच 'तू' म्हणतात.

"कवा जाशील तू?"

"चूल पेटलेली दिसली की. पळालात कशाला?"

"घरां मोजली का मंग वेठीला नेतात."

मी विहिरीचं सांगितलं. तिने खालच्या ओहळाकडे पाहिलं. पाणी तिथून डोक्यावरून वर आणावं लागे.

"आन वेठ?"

"ते माझ्या हातात नाही. खोटं कशाला सांगू?"

ती परत झाडीत गेली. मग रानातून निखारे आणून तिने चूल पेटवली.

"लिव."

"तुझं घर पाचवं नाही," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की धर्मा तोंड फिरवून हसला. "मंग पाचव्यावाल्यांना हाकारते," म्हणत ती उठली. थोड्या वेळात एकेका छपरातून धूर निघू लागला. मी पाचवं, दहावं करत पुन्हा फिरलो आणि सगळी वसलेली लिहिली. यांच्या नशिबी मी पाणी लिहितोय की वेठ, कळेना.

इतर पाडेही दोन-दोनदा फिरलो. बरीच 'रिकामी' घरं दुसऱ्या फेरीला भरलेली निघाली. आकडा दरबारला देऊन घरी आलो. अजूनही वर्गात व्यवहारी अपूर्णांक शिकवताना ती ओली जमीन बोटांना लागते.

शिमग्याच्या सुमारास धर्मा त्र्यंबकला आला, तो वाकडी वाट करून नाशिकला माझ्या घरी डोकावला.

"विहीर झाली. पाणीबी लागलं."

"आणि वेठ?" मी घाबरतच विचारलं.

"नेलं ना. तीच विहीर खणायला." चहाचा घोट घेऊन तो पुढे म्हणाला, "लाडकीनं निरोप दिलाय. मास्तरला सांग, तवा सगळीच खणाय गेलती. त्या दिसी तू आला असता तर घरां खरंच रिकामी घावली असती."