धाकट्यापुढं वाकायचं

लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. त्या उन्हाळ्यात आमच्या तळ्यातल्या मासोळ्या पायी चालत नांदेडला गोदावरीकडं निघून गेल्या, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. गल्लीत टँकर यायचा आणि घागरी घेऊन रांगेत मीच उभा, कारण निलंग्याहून आमच्याकडं शिकायला आलेला माझा धाकटा मामेभाऊ पडला पाहुणा. पाहुण्याला पाणी भरायला लावायचं नाही, असा आईचा कायदा.

तेवढ्यात शाळेच्या मैदानावर कराटेचा क्लास सुरू झाला. मी रांगेत असताना हा पहिल्याच दिवशी नाव घालून आला. मी गेलो आठवड्यानं. तिथला नियम असा, की आधी आला तो थोरला. वय विचारायचं नाही. म्हणजे दसऱ्याला सोनं देऊन जो माझ्या पाया पडायचा, त्याच्यापुढं रोज संध्याकाळी मी कमरेत वाकायचं. पोटात असा जाळ उठायचा, की त्यावर अख्ख्या गल्लीच्या भाकरी झाल्या असत्या.

त्याच्या ठोशाच्या वाऱ्यानं निंबाची पानं गळायची. सर म्हणायचे, ह्याच्याकडं बघा. आई म्हणायची, ह्याच्याकडं बघ, किती शांत झालाय. बघून बघून मी तिरळा व्हायचा राहिलो. तो उठायच्या आधी मी उठायला लागलो, तो तंबाखूला शिवत नाही म्हणून मीही पुडी फेकली. लोकांना वाटलं, कराटेनं पोराला वळण लावलं. वळण लावलं ते जळफळाटानं.

मग नव्या जिल्ह्याचा पहिला संघ निवडायचा ठरला. पंच नांदेडचे, म्हणून निवडही नांदेडलाच. आमच्या वजनात जागा एक आणि शेवटची लढत आम्हा दोघांची. संघात जाईल त्याला क्लासात सगळ्यांचा थोरला म्हणून पुढं उभं करणार, असं सरांनी सांगून ठेवलेलं. जिंकलो असतो तर माझं वाकणं सुटलं असतं.

मी वळूसारखा सुटलो. तो नुसता बाजूला सरकला आणि त्याची मूठ माझ्या नाकाशी केसभर अंतरावर थांबली. ठोसा असा थांबवणं हीच त्या खेळातली खरी विद्या. मला ती दिसलीच नाही, कारण मी डोळे गच्च मिटले होते.

"दादा," तो हळूच म्हणाला, "डोळे उघड की. तुला कसं मारीन म्या?"

पंचांनी त्याचा हात वर केला.

परतीच्या एस.टी.त तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपला. गाडी अशी उडत होती, की चाकं फक्त स्टँडवर जमिनीला लागली. तरी मी खांदा हलू दिला नाही. मायेनं नव्हे. उठला असता तर त्यानं विचारलं असतं, दादा, कुठं लागलं का. आणि तेवढं मला सोसलं नसतं.